किडनीतली गाठ कॅन्सरची नाही, पण आयव्हीसी या पोटातल्या मोठ्या शिरेत शिरली आहे. ऑपरेशनबद्दल माहिती हवी

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आज काम वेगळं आहे.

माझी धाकटी बहीण, वय ३९, सांगलीजवळ राहते. उजव्या कुशीत जड वाटायचं, ती पित्ताच्या नावावर खपवायची. शेवटी सोनोग्राफी केली तर उजव्या किडनीत मोठी गाठ निघाली. मग सीटी झाला. रिपोर्टचा सारांश असा: उजव्या किडनीत सुमारे ९ सेंमीची चरबीयुक्त गाठ, अँजिओमायोलिपोमा. गाठीचा काही भाग किडनीच्या शिरेतून आयव्हीसीत गेलेला, त्याचं वरचं टोक यकृताच्या शिरांच्या खाली. डावी किडनी व्यवस्थित.

यूरॉलॉजिस्ट म्हणाले, गाठ कॅन्सरची नाही. आम्ही देवाला हात जोडतोय तोवर पुढचं वाक्य आलं: किडनी काढावी लागेल, आयव्हीसी उघडून आतला भाग बाहेर काढावा लागेल, आणि हे फार लांबवू नका.

घरात आता दोन तट आहेत. मेव्हणे म्हणतात, कॅन्सर नाही तर एवढी चिरफाड कशाला? औषधं देऊन बघू, नाहीतर सहा महिन्यांनी परत स्कॅन करू. मला नेटवर जे सापडतंय ते सगळं कॅन्सरबद्दल आहे. कोणाला या प्रकाराची माहिती आहे का? इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते.

आज्जीचा_बटवा

घाबरू नकोस गं. पुनर्नवा आणि गोखरूचा काढा सकाळी उपाशीपोटी. माझ्या जावेचा मुतखडा त्याने पडला. आणि ओटीपोटाला कोमट एरंडेल चोळून बघ.

टाकेवाला

आज्जी, काढ्याचं नंतर बोलू, पण चोळणं आधी थांबवा. ९ सेंमीच्या या गाठीवर पोट चोळायचं नाही, दाबायचं नाही, मसाज नाही. कारण खाली येईलच.

कृष्णाकाठताई, मी निवृत्त यूरॉलॉजिस्ट आहे. फिल्म न बघता लिहितोय, त्या हिशेबानेच वाचा.

अँजिओमायोलिपोमा, आम्ही त्याला एएमएल म्हणतो, ही रक्तवाहिन्या, अनैच्छिक स्नायू आणि चरबी या तिन्हींची मिळून बनलेली गाठ. बायकांमध्ये जास्त दिसते. बहुतेक एएमएल लहान असतात, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात आणि अधूनमधून नजर ठेवली की भागतं. मेव्हण्यांचं म्हणणं अशा गाठींना तंतोतंत लागू आहे. पूर्वी ४ सेंमीच्या पुढे गेली की हात घाला असा ढोबळ नियम होता. आता नुसत्या आकारावर कोणी निर्णय घेत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात, त्यांना फुगवटे येतात. फुगवटा ५ मिमी किंवा त्याहून मोठा असेल तर फुटून रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत यापुढची एक पायरी आहे. गाठ किडनीबाहेर आली आणि शिरेच्या आतून वाढत गेली. आयव्हीसी म्हणजे पाय, पोट, किडन्या, यकृत इथलं सगळं रक्त हृदयाकडे नेणारी पोटातली सर्वांत मोठी शीर. जुन्या वाड्याच्या सांडपाण्याच्या पाइपात पिंपळाचं मूळ शिरावं तशी ही गाठ तिच्यात शिरते. आजूबाजूला पसरत नाही, मोकळी वाट मिळेल तिकडे लांबत जाते. जगभरात असे रुग्ण इतके थोडे आहेत की वैद्यकीय नियतकालिकांत बहुतांशी एकेका रुग्णाची हकिगत छापून येते. त्यात उजवी बाजू जास्त आढळते. उजव्या किडनीची शीर आखूड आहे, जेमतेम दोन-चार सेंमी, की लगेच आयव्हीसी. डावीची शीर महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीला, ओलांडून येते, म्हणून बरीच लांब.

धोका दोन ठिकाणी आहे. आतला तुकडा सुटला तर थेट हृदयाच्या उजव्या बाजूला जाऊन फुप्फुसाच्या रोहिणीत अडकतो. असे रुग्ण नोंदले गेलेत, आणि फुप्फुसात सापडलेला तो तुकडा चरबीचा होता. दुसरं म्हणजे टोक वर सरकत गेलं की ऑपरेशन अवघड होत जातं. आज टोक यकृताच्या शिरांखाली आहे. ते हृदयात पोचलं की छाती उघडणं आणि हार्ट-लंग मशीन आलंच. एएमएल हृदयाच्या उजव्या कर्णिकेपर्यंत, म्हणजे वरच्या कप्प्यापर्यंत, गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ‘सहा महिन्यांनी बघू’ हे इथे मला पटत नाही.

बंडोपंत

डॉक्टर मंडळींचं एक बरं असतं. कॅन्सर असला तरी कापा, नसला तरी कापा. हल्ली किडनी म्हटलं की मला तर दुसरीच शंका येते.

नाशिकची_मिसळ

बंडोपंत, ९ सेंमीची गाठ असलेली किडनी कोण चोरणार हो?

माझी एएमएल ६ सेंमीची होती, डावीकडे. मीही ‘कॅन्सर नाही ना, मग झालं’ म्हणून फाइल कपाटात ठेवून दिली होती. एका दुपारी भांडी आवरताना कुशीत अशी कळ आली की ओट्याला धरून खाली बसले. घाम, डोळ्यांपुढे अंधार. हॉस्पिटलला पोचेपर्यंत बीपी खाली आणि हिमोग्लोबिन निम्म्यावर. गाठ फुटून किडनीभोवती रक्त साठलं होतं. मांडीतून बारीक नळी घालून गाठीला रक्त नेणारी वाहिनी आतून बंद केली, एम्बोलायझेशन म्हणतात. त्यावर निभावलं, किडनी वाचली. नंतर आठवडाभर ताप आणि दुखणं होतं, ते अपेक्षितच असतं म्हणाले. माझी शिरेत वगैरे गेली नव्हती. पण ‘साधी गाठ’ या शब्दांवर माझा भरवसा उरलेला नाही.

टाकेवाला

मिसळताई, किडनीभोवती असं आपोआप रक्त साठण्याला वुंडरलिश सिंड्रोम म्हणतात. १८५६ मध्ये वर्णन करणारे वुंडरलिश तेच, ज्यांनी थर्मामीटर लावून ताप नोंदवत राहण्याची पद्धत रुग्णालयांत रुळवली. दुसरं काम जगभर पोचलं, पहिलं यूरॉलॉजीच्या परीक्षेत तोंडी विचारण्यापुरतं उरलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. मिसळताई, तुमचा प्रतिसाद मेव्हण्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

आता पुढचे प्रश्न. एम्बोलायझेशनने हिचंही भागणार नाही का? दुसरं, शिरेत गाठ आहे तर रक्त पातळ करायच्या औषधाने ती विरघळेल का? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तसं सुचवलं. आणि तिसरं, सगळ्यात भीती वाटणारं: कॅन्सर नाही हे नुसत्या सीटीवरून इतक्या खात्रीने कसं सांगतात? बायोप्सी तर झालीच नाही.

क्षकिरण

तिसऱ्याचं उत्तर माझ्या खात्यातलं, रेडिऑलॉजिस्ट आहे.

सीटीत प्रत्येक ऊतीची घनता आकड्यात मोजता येते. हाउन्सफील्ड एकक म्हणतात त्याला. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे हजार. चरबी नेहमी शून्याच्या खाली. किडनीच्या गाठीत उणे १० च्या खालचा भाग स्पष्ट मोजता आला, की एएमएलचं निदान बहुतेक तिथेच होतं, सुई टोचावी लागत नाही. अपवाद आहेत. क्वचित किडनीच्या कॅन्सरमध्येही चरबी दिसते, पण तेव्हा बरोबर कॅल्शियमचे ठिपके असतात आणि आम्ही सावध होतो. पोटाच्या मागच्या भागातला लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कॅन्सर, हा दुसरा तोतया. तो किडनीला बाहेरून ढकलतो. एएमएल किडनीतूनच उगवते, त्यामुळे जिथून निघाली तिथे किडनीच्या कडेला खाच दिसते.

शिरेत काही दिसलं की पहिला विचार कॅन्सरचाच येतो आणि यायलाच हवा. किडनीच्या कॅन्सरच्या साधारण ४ ते १० टक्के रुग्णांत गाठ शिरेत जाते, एएमएलमध्ये हे अगदीच विरळा. पण शिरेतला भागही गाठीसारखाच चरबीचा, उणे आकड्याचा निघाला, तर प्रश्न बराचसा सुटतो. नुसती रक्ताची गुठळी उणे आकडा दाखवत नाही. तुमच्या रेडिऑलॉजिस्टने आयव्हीसीतल्या भागाचा आकडा लिहिलाय का बघा. नसेल तर फोन करून विचारा, मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे. चरबी दाबून काढलेले एमआरआय फोटोही उपयोगी पडतात, विशेषतः वरचं टोक नेमकं कुठे आहे आणि त्याच्यापुढे साधी गुठळी जमलीय का हे बघायला.

एक गोष्ट मात्र सीटी सांगू शकत नाही. एएमएलचा एपिथेलिऑइड नावाचा एक प्रकार आहे, त्यात चरबी कमी असते आणि तो कधीकधी खरोखर कॅन्सरसारखा वागतो. त्याचा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. ऑपरेशनच्या बाजूने हेही एक कारण धरा.

टाकेवाला

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं.

रक्त पातळ करणारं औषध रक्ताची गुठळी वाढू देत नाही. तुमच्या बहिणीच्या शिरेत गुठळी नाही, गाठच आहे. चरबी आणि स्नायू हेपॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाने विरघळत नाहीत. टोकाशी खरीखुरी गुठळी जमली असेल तर औषध देतात, पण ते सर्जनच्या देखरेखीखाली. कारण याच रुग्णाची गाठ रक्तस्राव करणारीही असते. फॅमिली डॉक्टरांवर रागावू नका, त्यांनी असा रुग्ण बघितलेला असण्याची शक्यता फार कमी.

आयव्हीसीत गाळणी बसवा असाही सल्ला कोणी देईल. पायातल्या गुठळीसाठी ती चांगली. इथे ती नेमकी ऑपरेशनच्या जागी येते आणि गाठीत गुरफटली तर काढताना घाम फुटतो.

एम्बोलायझेशनने किडनीतली गाठ आक्रसेल, रक्तस्राव टळेल. कधी ऑपरेशनच्या आधी मुद्दाम करतातही. पण आयव्हीसीतला भाग त्याने बाहेर येत नाही.

सदाफुली

माझ्या मुलाला ट्युबरस स्क्लेरोसिस (टीएससी) हा जनुकीय आजार आहे, दोन्ही किडन्यांत छोट्या छोट्या एएमएल. म्हणून थोडं लिहिते.

एएमएलच्या बहुसंख्य रुग्णांना हा आजार नसतो, पण पाचातल्या एकाला असू शकतो असं आम्हाला सांगितलं होतं. टीएससी-१ किंवा टीएससी-२ या जनुकातला बिघाड. बहिणीला लहानपणी फिट्स आल्या होत्या का, अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग आहेत का, नाकाच्या दोन्ही बाजूंना मुरुमांसारखे लाल पुरळ आहेत का, जे मुरुमांच्या औषधाने जात नाहीत, हे बघा. आमच्याकडे आधी फिट्स आल्या, किडनीचं नंतर कळलं.

मेव्हणे ज्या औषधाबद्दल वाचत असतील ते एव्हरोलिमस. मुलगा तेच घेतो. अमेरिकेत २०१२ मध्ये त्याला टीएससीतल्या एएमएलसाठी मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली त्यात ४२ टक्के रुग्णांच्या गाठी निम्म्याने किंवा जास्त लहान झाल्या होत्या, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत एकाचीही नाही. आमचा अनुभवही चांगला आहे. पण तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, आणि गोळी थांबवली की गाठी परत वाढायला लागतात, म्हणजे ही वर्षानुवर्षांची गोष्ट. शिरेतल्या गाठीचं मला ठाऊक नाही.

टाकेवाला

सदाफुलीताई, नेमकं लिहिलंत. दोन्ही किडन्यांत खूप गाठी असतात तेव्हा किडनी वाचवण्यासाठी हे औषध मोलाचं आहे. एकाच किडनीत एकच मोठी गाठ, आयव्हीसीत शिरलेली आणि रुग्ण तब्येतीने धडधाकट, इथे मी आधी ऑपरेशनच सुचवेन. गाठ थोडी आक्रसली म्हणून सुटून जाण्याचा धोका संपत नाही. शिवाय या औषधाने जखमा उशिरा भरतात, त्यामुळे ऑपरेशनआधी ते काही काळ बंद ठेवावं लागतं.

कृष्णाकाठताई, बाईंना अशी गाठ असली तर छातीचाही सीटी करून घ्या. लॅम नावाचा फुप्फुसाचा आजार याच कुळातला, तो तिथे दिसतो.

कृष्णाकाठ

फिट्स कधीच नाहीत, डाग नाहीत. छातीचा सीटी झाला, स्वच्छ आहे. आयव्हीसीतल्या भागाचा आकडा विचारला: उणे ६०. क्षकिरण, हे वाचून काल प्रथमच झोप लागली.

ऑपरेशन करायचं असं मेव्हण्यांसकट ठरलंय. आता नेमकं काय करतात ते कोणी सांगेल का? बहिणीलाच जाणून घ्यायचंय. ‘मला अर्धवट सांगू नका, मी शाळेत विज्ञान शिकवते’ असं म्हणतेय ती.

टाकेवाला

मग बाईंना पूर्ण सांगतो.

ही शस्त्रक्रिया किडनीची कमी आणि शिरेची जास्त. नुसती किडनी काढणं हे यूरॉलॉजिस्टचं रोजचं काम. आयव्हीसी उघडणं हे नाही. गाठीचं टोक कुठवर आहे त्यावरून आम्ही पातळ्या पाडतो, मेयो क्लिनिकच्या सर्जननी १९८७ मध्ये मांडलेल्या. शून्य म्हणजे किडनीच्या शिरेपुरतं. एक म्हणजे आयव्हीसीत २ सेंमीपर्यंत. दोन म्हणजे त्याच्यावर, पण यकृताच्या शिरांच्या खाली. तीन म्हणजे यकृताच्या शिरांशी किंवा वर, पण छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली. चार म्हणजे पडद्याच्या वर, हृदयाकडे. या पातळ्या कॅन्सरसाठी पाडल्या होत्या, पण आत काय आहे याने शिरेचा नकाशा बदलत नाही. तुमचं वर्णन दोनमध्ये बसतं.

पोट उघडल्यावर आतडं आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) बाजूला सारून आयव्हीसी उघडी करतात. मग आधी किडनीची रोहिणी बांधायची. उजवी रोहिणी आयव्हीसीच्या मागून जाते, म्हणून पुष्कळदा महारोहिणी आणि आयव्हीसी यांच्यामधल्या खोबणीत शिरून ती गाठावी लागते. ती बांधली की गाठीचा रक्तपुरवठा तुटतो, गाठ मऊ पडते, पुढचा रक्तस्राव कमी होतो. या टप्प्यापर्यंत किडनीला शक्य तितकं कमी हाताळायचं. दाबली तर आतला तुकडा सुटेल. आज्जींना चोळू नका म्हटलं ते याचसाठी.

मग आयव्हीसीला तीन ठिकाणी फास: गाठीच्या टोकाच्या वर, किडन्यांच्या खाली आणि डाव्या किडनीच्या शिरेवर. मागून मणक्याकडून येणाऱ्या बारीक कटिशिरा असतात, त्या आधी बांधून टाकायच्या. विसरल्या तर फास आवळलेले असूनही आयव्हीसी उघडल्यावर आत रक्त भरत राहतं आणि ते येतंय कुठून हे शोधण्यात वेळ जातो. फास क्रमाने आवळायचे, किडनीची शीर जिथे आयव्हीसीला मिळते तिथे छेद घ्यायचा आणि गाठ अखंड बाहेर काढायची. एएमएल बहुधा शिरेच्या भिंतीला चिकटलेली नसते, कॅन्सर कधीकधी असतो. हा तुमचा मोठा फायदा. मग आत हेपॅरिनचं पाणी मारून धुवायचं, डोळ्यांनी भिंत तपासायची आणि बारीक प्रोलीनच्या धाग्याने शिवायचं. शेवटचा टाका घट्ट करण्याआधी खालचा फास किंचित सैल करतात, म्हणजे आत राहिलेली हवा रक्ताबरोबर बाहेर पडते.

डाव्या किडनीची शीर तेवढा वेळ बंद ठेवली तर ती किडनी तगते का, असा प्रश्न विज्ञानाच्या बाईंना पडेल. तगते. डावीच्या शिरेला अधिवृक्क ग्रंथीची आणि बीजकोशाची शीर येऊन मिळते, रक्ताला आडवाटा आहेत. उजवीला त्या नाहीत. गाठ डावीकडे असती तर हे गणित उलटं आणि अवघड झालं असतं.

लीड्सकर

किडनीचा गाठीचा भाग तेवढा काढून बाकी वाचवता येत नाही का? इथे पार्शलबद्दल खूप ऐकतो. रोबोटनेही करतात ना?

टाकेवाला

गाठ लहान आणि कडेला असेल, शीर मोकळी करता येत असेल, तर किडनी वाचवून आयव्हीसीतला भाग काढल्याच्या नोंदी आहेत. शिरेच्या मुळाशीच ९ सेंमीची गाठ असेल तर त्या हट्टापायी रक्त जातं. रोबोटने आयव्हीसीची ऑपरेशनं काही केंद्रांत होतात. पण ज्या सर्जनला उघड्या पोटात आयव्हीसी शिवता येते त्यानेच रोबोट वापरावा, इतकंच माझं म्हणणं. म्हातारा झालोय, सोडून द्या.

भुलेश्वर

भूल देणाऱ्यांना सगळे विसरतात म्हणून मी आलो.

आयव्हीसीवर चिमटा बसला की शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातून हृदयाकडे येणारं रक्त एकदम घटतं आणि बीपी घसरतं. म्हणून आधी थोडा वेळ आवळून बघतात. तेवढ्यात बीपी सावरलं तर पुढे जायचं. नाही सावरलं तर आणखी द्रव, औषधं, किंवा योजना बदलायची. मनगटाच्या रोहिणीत नळी असते, ठोक्या-ठोक्याला बीपी दिसतं. मानेतल्या शिरेत मोठी लाइन. अन्ननलिकेतून इकोचा प्रोब घालतात, त्यात हृदयाचा उजवा कप्पा आणि आयव्हीसीचा वरचा भाग थेट पडद्यावर दिसतो. तुकडा सुटला किंवा हवेचे बुडबुडे आले तर सर्जनच्या आधी मला कळतं.

मी अशा रुग्णांच्या नातेवाइकांना रक्ताची सोय किती केली आहे ते सर्जनना विचारायला सांगतो. आणि व्हॅस्क्युलर किंवा यकृताचा सर्जन त्याच इमारतीत, त्याच दिवशी हजर असेल का, हे. ‘लागलं तर बोलावू’ हे उत्तर मला आवडत नाही.

बंडोपंत

आणि बिल किती लाखांचं? ते कोणी लिहीत नाही.

तलाठीभाऊ

लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो त्याला भेटा. कोणतं पॅकेज लागू होतं ते तोच सांगेल, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, नंतर रडून उपयोग नाही. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. त्याला लागणारा वेळ मला चांगला माहीत आहे.

कृष्णाकाठ

झालं! ऑपरेशन पुण्यात झालं. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

यूरॉलॉजिस्ट आणि यकृताचे सर्जन दोघंही पहिल्यापासून होते. सकाळी आत नेलं, बाहेर आणेपर्यंत दुपार टळून गेली होती. भुलेश्वर, तुमचा तो ‘आवळून बघणं’ प्रकार त्यांनीही केला, बीपी पडलं आणि सावरलं. सर्जननी आम्हाला काढलेली गाठ दाखवली. किडनीला लागून पिवळसर गोळा आणि त्यातून निघालेलं बोटभर शेपूट, अखंड. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. पोटावर मोठा टाक्यांचा पट्टा आहे. बहीण म्हणते, खोकला आला की ऑपरेशन कुठे झालं ते विसरायची सोय नाही.

क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, आधी ०.८ होतं, दुसऱ्या दिवशी १.४ झालं, आता १.१ वर स्थिर. पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू आहेत. टाकेवालाकाका, आधी नको म्हणालात ते औषध आता का?

टाकेवाला

अभिनंदन! आधी शिरेत गाठ होती, आता शिरेत टाके आहेत. ताज्या शिवणीवर गुठळी जमू शकते, त्यात रुग्ण झोपून. म्हणून काही आठवडे देतात. चालायला लावा, नुसत्या इंजेक्शनवर विसंबू नका. क्रिएटिनीन अपेक्षेप्रमाणे आहे, उरलेली किडनी हळूहळू जास्त काम उचलते.

घरात डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेनच्या गोळ्या असतील तर फेकून द्या. दुखलं तर पॅरासिटामॉल. बीपी वर्षातून दोनदा तरी मोजायचं. आणि आज्जी, आता तुमच्याकडे येतो: एका किडनीवर चालणाऱ्या माणसाला काय काय पडलंय ते माहीत नसलेला काढा देऊ नका. मेथीचे लाडू चालतील.

आज्जीचा_बटवा

लाडू पाठवते. डिंकाचे चालतील का तेही विचारून ठेव.

कृष्णाकाठ

डिंकाचे आधीच फस्त झालेत.

रिपोर्ट आला. अँजिओमायोलिपोमा, शिरेतला भागही तोच. एचएमबी-४५ (एएमएल ओळखायची तपासणी) पॉझिटिव्ह. एपिथेलिऑइड भाग आढळला नाही. कडा मोकळ्या. सर्जन म्हणाले, केमो वगैरे काही नाही.

दोन शंका राहिल्यात. आयव्हीसी कापून शिवली तर ती अरुंद होत नाही का? आणि बहिणीला पाळीच्या त्रासासाठी हॉर्मोनच्या गोळ्या चालू होत्या, त्या परत घ्यायच्या का?

टाकेवाला

थोडी अरुंद होतेच. मूळ व्यासाच्या निम्म्यापर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त आवळली जाणार असेल तर ठिगळ लावतात, गुरांच्या हृदयावरणाचं किंवा कृत्रिम. ठिगळ लावलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल. दोन्ही पायांना सूज आली तर लगेच दाखवा. संध्याकाळी थोडी येऊन सकाळी उतरत असेल तरीही सांगा.

गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असेल तर नको. या गाठींच्या पेशींवर हॉर्मोनचे ग्राहक आढळतात, गरोदरपणात एएमएल वाढल्याच्या आणि फुटल्याच्या नोंदीही आहेत. शिवाय इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो, ते आत्ता मुळीच परवडणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑपरेशनची पूर्ण फाइल दाखवा, दुसरे पर्याय आहेत.

क्षकिरण

पुढच्या स्कॅनबद्दल एक. चिठ्ठीवर नुसतं ‘पोटाचा सीटी’ असं लिहून घेऊ नका. आयव्हीसी बघायची आहे हे लिहून घ्या, म्हणजे शिरांमध्ये सीटीचं रंगाचं औषध पोचल्यावरचे फोटो नीट वेळ साधून काढतील. घाईने काढले तर किडनीच्या शिरेतलं रंगीत आणि पायांकडून येणारं बिनरंगी रक्त मिसळताना आयव्हीसीत गुठळी असल्यासारखं दिसतं. एमआरआय झाला तर आणखी बरं. जुन्या सीटीची सीडी बरोबर न्या, रिपोर्टचा कागद पुरत नाही.

कृष्णाकाठ

सीडी मेव्हण्यांकडे आहे. स्कॅनची तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. चिठ्ठी तुमच्या शब्दांत लिहून घेते.